मुलाम्याखालची माती

गेल्या जूनपासून माझ्या कार्यालयातील टेबलावर, हजेरीपत्रकांच्या गठ्ठ्याशेजारी, एक तुटकी फरशी पडलेली असते. लांबीरुंदीने सुमारे पाच पाच इंचांची, एक कोपरा उडालेली. पांढऱ्याशुभ्र, चकचकीत पृष्ठभागावर निळ्या रंगात एक लहान मुलगा चाक फिरवीत धावतो आहे. त्याच्या अंगात गुडघ्यापर्यंतची विजार असून डोक्यावर रुंद कडेची टोपी आहे. उरलेल्या तीन कोपऱ्यांत मात्र त्या मुलाशी काहीही नाते नसलेली, काटकोनात वळणारी, जाळीसारखी नक्षी आहे. ती नक्षी चिनी आहे. मुलगा हॉलंडचा, चाक हॉलंडचे आणि कोपरे चीनचे, असा हा मेळ.

माझी कन्या नोकरीनिमित्त त्या देशात असते. सुटीत घरी आली तेव्हा जुन्या बाजारातून तिने ही फरशी माझ्यासाठी आणली. "बाबा, अखंड फरशी महाग होती. शिवाय तुम्हांला तुटक्या वस्तूंचा लळा आहेच," असे म्हणून तिने ती माझ्या हातावर ठेवली. या वस्तूला 'डेल्फ्टची निळाई' म्हणतात, एवढे तिने सांगितले. उरलेले मी ग्रंथालयातून आणि तिने धाडलेल्या पुस्तकांतून मिळविले.

टेबलावर वस्तू ठेवली की मुलांच्या नजरेतून ती सुटत नाही. सातवीतील एका चौकस विद्यार्थ्याने फरशी उलटीसुलटी करून पाहिली, तुटलेल्या कडेवर बोट ठेवले आणि विचारले, "सर, ही चिनी मातीची नाही ना? आत तर पिवळी माती दिसते. मग ही खोटी का?"

प्रश्न साधा होता. त्याचे उत्तर मला तत्काळ देता आले नाही, आणि ते का देता आले नाही हे सांगण्यासाठीच या महिन्याचे हे पान खर्ची घालतो आहे.

आपण ज्या वस्तूला चिनी माती म्हणतो तिचे मर्म चीनच्या जिंगदेजेन या नगरीतील कुंभारांना ठाऊक होते. केओलिन नावाची शुभ्र माती आणि एका विशिष्ट दगडाची पूड यांचे मिश्रण तेराशे अंशांच्या आसपास भाजले की भांडे आतून बाहेरून एकजीव, पांढरे आणि कठीण होते. टिचकी मारली तर ते घंटेसारखे वाजते आणि पातळ असेल तर त्यातून उजेड दिसतो. ही विद्या शतकानुशतके चीनबाहेर फार थोड्यांना साधली. युरोपला तर ती अठराव्या शतकापर्यंत अज्ञातच होती.

परंतु विद्या अज्ञात असली तरी वस्तू अज्ञात नव्हती. नवव्या शतकात चिनी पांढरी भांडी समुद्रमार्गाने इराकातील बसऱ्याला पोहोचत. १९९८ मध्ये इंडोनेशियातील बेलितुंग बेटाजवळ त्या शतकातील एका अरबी धाटणीच्या जहाजाचे अवशेष सापडले. त्यातील हजारो चिनी भांड्यांत तीन बश्या पांढऱ्यावर निळ्या नक्षीच्या होत्या. बसऱ्याच्या कुंभाराने अशी भांडी पाहिली आणि त्याला मोह झाला. त्याच्याजवळ केओलिन नव्हते आणि तेवढी प्रखर भट्टीही नव्हती. होती ती नदीकाठची पिवळसर माती. त्याने एक युक्ती काढली. शिशाच्या काचेरी झिलईत कथलाची राख मिसळली. साधी झिलई पारदर्शक असते, तिच्यातून खालची माती दिसते. कथील मिसळताच ती दुधासारखी अपारदर्शक झाली. पिवळे भांडे त्या द्रवात बुडविले की बाहेर येताना पांढरे होऊन येई. त्यावर कोबाल्टने निळी फुले काढली, की दुरून पाहणाऱ्याला चिनी भांड्याचा भास व्हावा.

आमच्या पिढीला कथील सांगावे लागत नाही. वर्षातून दोनदा कल्हईवाला दारी येई, अंगणात खड्डा करून भाता लावी, नवसागराचा धूर उठे आणि काळवंडलेले पितळेचे पातेले आतून चांदीसारखे होऊन बाहेर येई. तो मुलामा कथलाचाच. बसऱ्याच्या कुंभाराने कथलाची राख झिलईत घातली आणि आपला कल्हईवाला शुद्ध कथील तांब्यापितळेवर फिरवितो, एवढाच फरक. पातेले पितळेचेच राहते, हे कल्हईवालाही जाणतो आणि घरची गृहिणीही.

बसऱ्याची ही युक्ती पुढे मुसलमानी राज्यांतून स्पेनमध्ये गेली, तेथून इटलीत. इटलीतील फाएन्झा या गावावरून अशा भांड्यांना फ्रेंच भाषेत 'फायान्स' हे नाव पडले. सोळाव्या शतकाच्या आरंभी इटालियन कुंभार अँटवर्पला येऊन स्थायिक झाले. १५८५ मध्ये ते शहर स्पेनच्या सैन्याने जिंकल्यावर तेथील अनेक प्रॉटेस्टंट कारागीर उत्तरेकडे, हॉलंडात निघून गेले. आपल्यालाही स्थलांतराचे दुःख परके नाही. गोव्यातून देव पाठीशी बांधून निघालेल्या घरांची आठवण आपल्या घराघरांत आहे. माणूस घर सोडतो तेव्हा भांडीकुंडी मागे राहतात, हातातील कसब मात्र बरोबर जाते.

आणि आता या कथेत आपला गोवा येतो.

चीनचा माल युरोपला नेण्याचा मक्ता त्या काळी पोर्तुगीजांकडे होता. मकाव, मलाक्का, गोवा आणि लिस्बन अशी ती वाट होती. जुन्या गोव्यातील संत ऑगस्टीनच्या मठाच्या अवशेषांत उत्खनन झाले तेव्हा चिनी भांड्यांच्या खापऱ्या मिळाल्या, त्या याच वाटेच्या खुणा. पोर्तुगीजांची अवाढव्य गलबते, त्यांना 'कराक' म्हणत, गोव्याहून मिरी, कापड आणि चिनी भांडी भरून लिस्बनला निघत. १६०२ मध्ये गोव्याहून निघालेले 'सांतियागो' हे गलबत सेंट हेलेना बेटाजवळ डचांनी पकडले. १६०३ च्या फेब्रुवारीत याकोब व्हान हेम्सकेर्क या डच कप्तानाने सिंगापूरनजीक मकावहून येणारे 'सांता कातारिना' पकडले. त्यातील माल १६०४ मध्ये ॲम्स्टरडॅमला लिलावात निघाला. सुमारे ३५ लाख गिल्डर एवढे प्रचंड उत्पन्न त्या लिलावाने दिल्याचे सांगतात. निळ्या नक्षीच्या चिनी भांड्यांचे ढीगच्या ढीग प्रथमच उत्तर युरोपच्या बाजारात उघडे पडले. तशा भांड्यांना डच भाषेत 'क्राक' असे नाव रूढ झाले, ते या कराक गलबतांवरूनच असावे, असे बहुतेक अभ्यासक मानतात.

ही उघड लूट होती. तिचे समर्थन करण्यासाठी डच कंपनीने एका तरुण वकिलाला लेखणी उचलावयास सांगितले. त्याचे नाव ह्यूगो ग्रोशिअस. सागर कोणा एकाच्या मालकीचा नाही, पूर्वेकडील व्यापारावर पोर्तुगीजांचा एकट्याचा हक्क नाही, असे प्रतिपादन करणारा त्याचा 'मुक्त सागर' हा लॅटिन ग्रंथ १६०९ मध्ये निघाला आणि आंतरराष्ट्रीय कायद्याच्या इतिहासात अमर झाला. ग्रोशिअसचा जन्म १५८३ मध्ये डेल्फ्टलाच झाला होता. ज्या लुटीतील बश्यांनी डेल्फ्टच्या कुंभारांना वेड लावले, त्याच लुटीने डेल्फ्टच्या एका पुत्राकडून कायद्याचा ग्रंथ लिहवून घेतला.

डच ईस्ट इंडिया कंपनीच्या सहा शाखांपैकी एक डेल्फ्टला होती, त्यामुळे पूर्वेचा माल गावात येऊन पडे. याच कंपनीने १६३७ मध्ये आपल्या शेजारी वेंगुर्ल्याला वखार घातली आणि तेथून गोव्यावर नजर ठेवली. त्या वखारीच्या भिंती आजही उभ्या आहेत. वेंगुर्ल्याला सहल नेणाऱ्या शिक्षकांनी मुलांना त्या भिंतींपाशी उभे करून ही बशीची गोष्ट सांगावी, अशी माझी सूचना आहे.

चिनी भांडी मौल्यवान होती, ती श्रीमंतांच्या कपाटात जात. १६४४ मध्ये चीनमधील मिंग राजवट कोसळली, यादवी माजली आणि जिंगदेजेनचा माल दुर्मिळ झाला. बाजारात मागणी होती, माल नव्हता. नेमक्या त्याच काळात डेल्फ्टचा जुना धंदा, म्हणजे बिअर गाळण्याचा, बुडत चालला होता. कालव्याकाठच्या ओस पडलेल्या भट्टीघरांत कुंभार शिरले. मोठ्या इमारती, पाणी आणि माल चढवावयास कालवा, सारे आयतेच मिळाले. कित्येकांनी भट्टीघरांची जुनी नावेही तशीच ठेवली. 'धातूचे भांडे', 'मूराचे डोके', 'ग्रीक अ' अशी ती मौजेची नावे आहेत. १६५३ मध्ये निघालेल्या एका कारखान्याचे नाव 'पोर्सेलेनची बाटली' असे होते. वास्तविक तेथे पोर्सेलेन म्हणजे खरी चिनी माती होत नव्हती. दुसऱ्याच वर्षी, १२ ऑक्टोबर १६५४ रोजी, गावातील दारूगोळ्याच्या कोठाराचा भीषण स्फोट होऊन गावाचा मोठा भाग उद्ध्वस्त झाला. त्यातूनही गाव उठले. सतराव्या शतकाच्या अखेरीस तेथे तीसांहून अधिक कारखाने चालत होते.

या कारखान्यांत काम कसे चाले ते पाहण्यासारखे आहे. स्थानिक मातीत बाहेरून आणलेली चुनखडीयुक्त माती मिसळत, कारण चुन्याच्या अंशामुळे झिलई भांड्याला घट्ट धरून राहते. भांडे चाकावर घडवून, सुकवून, एकदा भाजून घेत. मग ते कथलाच्या पांढऱ्या झिलईत बुडवीत. भाजलेली सच्छिद्र माती त्यातील पाणी शोषून घेई आणि वर पिठासारखा कोरडा, नाजूक थर उरे. या पिठूळ थरावर चित्रकार कुंचला चालवी. आपल्या बायका रांगोळीसाठी टोचलेला कागद वापरतात ना, अगदी तसाच टोचलेला कागद भांड्यावर धरून त्यावरून कोळशाची पूड झटकीत. ठिपके उमटले की बारीक कुंचल्याने बाह्यरेषा आणि मग रुंद कुंचल्याने आतील छटा भरीत. कोळसा भट्टीत जळून जाई, रेषा उरत.

हे काम मोठे कठीण. तो थर टीपकागदासारखा रंग शोषून घेतो. एकदा टेकविलेला कुंचला मागे घेता येत नाही आणि चुकलेली रेघ पुसता येत नाही. शिवाय कोबाल्टचा रंग लावताना काळपट असतो, तो निळा होतो तो भट्टीतून निघाल्यावर. म्हणजे चित्रकाराला समोर दिसणारा रंग आणि मनातला रंग निराळा. रंग चढविल्यावर काही कारखान्यांत वरून पारदर्शक झिलईचा फवारा देत, म्हणजे चिनी भांड्याची खोल चमक यावी. मग भांडी मातीच्या पेटाऱ्यांत, बारीक मातीच्या खुंट्यांवर टेकवून दुसऱ्यांदा भाजीत. त्या खुंट्यांच्या खुणा जुन्या बश्यांच्या पाठीवर अजून सापडतात.

नक्षी चीनची, हात हॉलंडचा. त्या चित्रकारांपैकी बहुतेकांनी चीन कधी पाहिला नव्हता. त्यांनी पाहिल्या होत्या त्या बश्या. चिनी बशीवरील उंच, सडपातळ स्त्रियांना डच लोक 'लांब लीझा' म्हणत. मूळ चित्रात त्या कोण, कुठल्या कथेतील, याची त्यांना गंधवार्ता नव्हती. भांड्याच्या तळाशी चिनी अक्षरे असतात म्हणून यांनीही काही रेघोट्या ओढल्या, त्यांतील कित्येकांना चिनी भाषेत काहीही अर्थ नाही. शाईचा हात नवीन असलेले मूल वडिलांच्या सहीची नक्कल करते, तशातलाच हा प्रकार.

पण नक्कल करता करता एक गोष्ट घडली. हात सरावला आणि डोळे आपल्या गावाकडे वळले. चिनी पर्वतांच्या जागी सपाट कुरणे आली, पवनचक्क्या आल्या. फ्रेडरिक व्हान फ्रायटम या चित्रकाराने बशीवर हॉलंडच्या आभाळाची आणि झाडांची अशी चित्रे काढली की बशी ही केवळ सबब वाटावी. फरश्यांवर मासेमार, जहाजे, दोरीवरच्या उड्या मारणारी मुले उमटली. या फरश्यांना आज सरसकट डेल्फ्टचे नाव मिळते, पण त्या रॉटरडॅम, हार्लिंगेन, उट्रेख्त अशा अनेक गावीही होत. ओलसर भिंतींच्या पायथ्याशी त्यांची रांग लावीत. डेल्फ्टचाच चित्रकार व्हर्मीर याच्या दूध ओतणाऱ्या बाईच्या प्रसिद्ध चित्रात भिंतीच्या तळाशी अशा फरश्या दिसतात. डेल्फ्टमध्ये चित्रकार आणि कुंभार यांचा संघ एकच होता, संत ल्यूकचा. १६६२ मध्ये खुद्द व्हर्मीर त्या संघाचा एक प्रमुख होता. मातीचे काम करणारा आणि तैलचित्रे रंगविणारा एका पंगतीत बसत, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

पुढची गंमत अशी की, व्हान फ्रायटमच्या धर्तीची हॉलंडची निसर्गचित्रे जपानच्या आरिता येथील कुंभारांनी आपल्या खऱ्या पोर्सेलेनवर उतरविली. पूर्वेची नक्कल करणाऱ्याची नक्कल पूर्वेने केली! आणि मागे जाऊन पाहावे तर चौदाव्या शतकात जिंगदेजेनला निळ्या नक्षीची भरभराट झाली तेव्हा तो कोबाल्ट इराणातून आलेला होता. मग निळाई नेमकी कोणाची? इराणच्या खाणीची, चीनच्या भट्टीची, बसऱ्याच्या युक्तीची, की डेल्फ्टच्या कुंचल्याची? पणजीच्या मिनेझिस ब्रागांझा संस्थेच्या प्रवेशदालनात जोर्ज कोलासो या पोर्तुगीज कलावंताने १९३५ मध्ये केलेल्या निळ्या चित्रफरश्या आहेत. आपल्यापैकी अनेकजण त्यांच्या समोरून कामानिमित्त जातात. त्याही याच विस्तारलेल्या कुळातील. पुढच्या वेळी क्षणभर थांबून पाहाव्यात.

डेल्फ्टचे वैभव टिकले नाही. १७१० मध्ये जर्मनीतील मायसनला खऱ्या पोर्सेलेनचा कारखाना निघाला. इंग्लंडची स्वस्त, टिकाऊ, फिकट पिवळी भांडी अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात सर्वत्र पसरली. कथलाची झिलई कडेला टवके जाऊन उडते, हा तिचा जन्मजात दोष. एकेक कारखाना बंद पडत गेला आणि एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत एकटी 'पोर्सेलेनची बाटली' उरली. १८७६ मध्ये योस्ट थूफ्ट या गृहस्थाने ती विकत घेऊन निळ्या चित्रकामाचे पुनरुज्जीवन केले. तो कारखाना आजही चालू आहे.

आता सातवीतील त्या मुलाच्या प्रश्नाकडे येतो. ही फरशी खोटी का? चिनी माती म्हणून कोणी विकली तर खोटी. पण कथलाची फरशी म्हणून पाहिली तर ती पूर्णपणे खरी आहे. केओलिन नाही म्हणून डेल्फ्टचा कुंभार हात बांधून बसला असता, तर चाक फिरविणारा हा पोरगा जन्माला आला नसता. आपल्या वाङ्मयातही हेच दिसते. गोविंद बल्लाळ देवलांची सात नाटके आपण मानतो. त्यांतील 'झुंजारराव' शेक्सपिअरच्या 'ऑथेल्लो'वरून आलेले, 'मृच्छकटिक' संस्कृतातून आलेले. दुसऱ्यांच्या नाटकांवर हात इतका तयार झाल्यावर १८९९ मध्ये 'शारदा' आली, ती सर्वस्वी त्यांची स्वतःची. आधीची नाटके नसती तर शारदा इतक्या सहज बोलली असती का?

हे सारे मी आज शहाणपणाने लिहितो आहे. पंचवीस वर्षांपूर्वी हे शहाणपण माझ्याजवळ नव्हते आणि त्याची किंमत मी दिली नाही, दुसऱ्याने दिली.

तेव्हा मी डिचोली तालुक्यातील एका शाळेत मराठी शिकवीत होतो. नववीच्या वर्गात एक कुंभाराचा मुलगा होता. अबोल, मागच्या बाकावर बसणारा. 'पावसाळ्यातील एक दिवस' या विषयावर निबंध लिहावयास दिला होता. त्याने बाजारू मार्गदर्शिकेतील निबंध जवळजवळ जसाच्या तसा उतरविला. 'मेघांचे दुंदुभी' आणि 'धरित्रीचा हिरवा शालू' वगैरे सारे त्यात होते. मी नुकताच एम. ए. झालेलो, भाषाशुद्धीचा आणि अस्सलपणाचा कैफ चढलेला. ती वही घेऊन मी वर्गासमोर उभा राहिलो, दुंदुभीची वाक्ये नाटकी सुरात वाचून दाखविली, वर्ग खो खो हसला. शेवटी म्हणालो, "दुसऱ्याच्या ओंजळीने पाणी पिणाऱ्याची तहान कधी भागत नाही." वाक्य चांगले जमले, असे तेव्हा मला वाटले होते.

त्या दिवसानंतर त्या मुलाने निबंध लिहिला नाही. वही आणून ठेवी, वर विषय सुवाच्य अक्षरात लिहिलेला असे आणि खाली पान कोरे. परीक्षेतही निबंधाची जागा कोरी. छडीची शिक्षा मी कधी केली नाही, याचा मला अभिमान होता. तो अभिमान त्या कोऱ्या पानांपुढे अजूनही टिकत नाही.

पुष्कळ वर्षांनी मला त्या निबंधातील आणखी दोन वाक्ये आठवली, जी मी वर्गात वाचली नव्हती. दुंदुभी आणि शालू यांच्या मधोमध त्याने लिहिले होते, की पावसात आवा पेटत नाही. बाबा ओसरीवर बसून न भाजलेली मडकी मोजतात आणि पुन्हा मोजतात. ती मार्गदर्शिकेत नव्हती. चिनी कोपऱ्यांमधला चाक फिरविणारा मुलगा तेथे उभा होता, आणि मी कोपऱ्यांना हसत बसलो होतो.

गेल्या सप्टेंबरात आमच्या शाळेतील सहावीतील एका मुलीने रजेचा अर्ज आणला. आजीच्या दिवसांसाठी चार दिवस हवे होते. अर्ज तिच्याच हस्ताक्षरात होता, खाली वडिलांची सही. मी सहज विचारले, "बाळ, अर्ज पालकांनी लिहायचा असतो ना?" ती म्हणाली, "बाबा लिहिण्याचे काही करीत नाहीत, सर. सही तेवढी करतात." मी सहीवरचे नाव वाचले आणि पुन्हा वाचले.

मुलीला पोहोचविण्यासाठी तो स्वतःच पुढच्या आठवड्यात शाळेत आला. डोक्यावरचे केस विरळ झालेले, बोटांच्या सांध्यांत माती. वडिलांच्या मागे चाक त्यानेच चालू ठेवले आहे, चतुर्थीच्या दिवसांत मूर्तीही करतो, असे त्याने सांगितले. मी त्याला बसविले. काय बोलावे ते सुचेना, म्हणून ही फरशी त्याच्या हातात दिली. त्याने ती आधी उलटी केली. पाठ पाहिली, तुटलेल्या कडेवरून अंगठा फिरविला, मग चित्राकडे पाहिले. म्हणाला, "मातीत चुना असणार, सर. आणि वरचा थर किती पातळ आहे, पण धरून बसला आहे." जे समजावयास मला चार पुस्तके लागली ते त्याच्या अंगठ्याने एका क्षणात वाचले.

मी म्हणालो, "नववीत तू पावसाळ्यावर निबंध लिहिला होतास. मी वर्गात त्याची थट्टा केली. ती चूक होती. त्यात आवा पेटत नसल्याची दोन वाक्ये होती, ती मला अजून पाठ आहेत."

तो बराच वेळ काही बोलला नाही. मग फरशी जिथून उचलली होती तेथेच, चित्र वर करून, हलकेच ठेवली आणि म्हणाला, "ती माझी होती, सर."

हल्ली आमच्या शाळेत एखादे मूल उतरविलेला निबंध घेऊन आले, तर वही परत करण्यापूर्वी मी त्याला एवढेच विचारतो, की यातले तुझे वाक्य कोणते ते मला दाखव. अजूनपर्यंत एकही वही अशी मिळालेली नाही, की जिच्यात शोधल्यावर एकसुद्धा सापडले नाही.